सात नंबरचा दगड

“कठडा सोडा सर. हाताचं वजन कठड्यावर जातं,” शकील म्हणाला.

अप्पांनी हात सोडला. काट्यावरचा आकडा जरा थरथरला आणि थांबला. शकीलनं तो लगेच लिहून घेतला नाही. आधी माझ्याकडे पाहिलं.

“ताई, परत अडीच किलो वाढलं.”

“काट्याची शून्य चूक तपासली होतीस का?” अप्पांनी विचारलं.

“तुमच्याच वर्गात होतो सर. रोज सकाळी तपासतो.”

अप्पा हसले आणि पलंगावर जाऊन आडवे झाले. शकील त्यांच्या हाताला सुया लावायला लागला.

अप्पांच्या किडन्या निकामी झाल्या त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. शरीरात गेलेलं पाणी बाहेर पडण्याचा रस्ता बंद. आठवड्यातून दोनदा मी त्यांना सावद्याहून जळगावला डायलिसिससाठी नेत असे. यंत्र रक्तातलं पाणी ओढून काढी, तेवढं वजन उतरे, आणि आम्ही परत येत असू. मधल्या दिवसांत त्यांनी रोज पाऊण लिटरच्या वर पाणी प्यायचं नाही, असा नियम होता. पाऊण लिटरनं दोन वेळांच्या मध्ये दीड किलो वाढलं असतं, तर ते समजण्यासारखं होतं. पण गेल्या तीन खेपांना एक किलो जास्त येत होतं. पाण्याची घनता एक. जास्तीचा किलो म्हणजे जास्तीचं एक लिटर. यात वाद घालायला जागा नव्हती. हे मला अप्पांनीच शिकवलं होतं.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून घेतलं. आवाज न चढवता ते म्हणाले, “पुढच्या वेळी हे पाणी फुप्फुसात उतरलं, तर तुम्ही जळगावपर्यंत पोचणार नाही. घरात कोणीतरी त्यांना पाणी देतंय.”

घरात आम्ही तिघंच होतो. अप्पा, मी आणि द्वारकाआत्या.

अप्पांनी सावद्याच्या शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त होताना शाळेनं शाल आणि श्रीफळ दिलं. अप्पांनी वर प्रयोगशाळेतलं एक काचेचं मोजपात्र आणि दगडांची एक पिशवी मागून घेतली. मुठीएवढे बारा दगड, प्रत्येकावर लाल रंगात नंबर. तोटीचं भांडं काठोकाठ भरायचं, दोऱ्याला बांधलेला दगड हळूच आत सोडायचा, तोटीतून जेवढं पाणी सांडेल तेवढं त्या दगडाचं आकारमान. सावद्याच्या कितीतरी पिढ्या त्या बारा दगडांवर पास झाल्या. कोणत्या नंबरचं उत्तर किती, हे थोरला भाऊ धाकट्याला आधीच सांगून ठेवी, म्हणून अप्पा दर दोन-तीन वर्षांनी नंबर बदलून रंगवत. मी कला शाखेला गेले आणि पुढे कॉलेजात ग्रंथपाल झाले, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “पुस्तकं मोजायला तरी आकारमान लागेलच.”

आता तेच मोजपात्र स्वयंपाकघरात होतं. सकाळी मी त्यात पाणी घेई, खाली वाकून डोळा पातळीत आणी, काचेला चिकटून चढलेलं पाणी सोडून मधला खोलगट भाग रेघेवर धरी, आणि ते अप्पांच्या फिरकीच्या तांब्यात ओते. दिवसभराचं तेवढंच. वरण, ताक, चहा, सगळं त्यातून वजा. कलिंगड, काकडी, द्राक्षं घरात येत नव्हती. केळ्यांच्या गावात केळीही नाहीत, कारण तीही त्यांना चालत नव्हती.

आत्या हे सगळं बघत असे. ती अप्पांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हा भावाकडे परत आली. माझी आई गेली तेव्हा मी पाळण्यातून नुकतीच उतरले होते. मला तिनंच वाढवलं. शाळेत फार गेली नव्हती, पण तिला उत्तर द्यायला वेळ लागत नसे.

“ताकाची काय घनता असते वं?” ती विचारी.

“पाण्यापेक्षा थोडी जास्त.”

“मंग एक घोट जास्त दे त्याला. घनतेचा.”

मी हसत नसे. ती पण मग हसायची थांबे. एकदा मात्र तिनं सरळच म्हटलं, “दारावरच्या कुत्र्यालाही उन्हाळ्यात पाणी ठेवते मी. आन माझा भाऊ घरात बसून व्हट चाटून राह्यला. हे कोणतं औषध व माय?”

त्या दिवसापासून माझ्या मनात शंका होती असं नाही. पण डॉक्टरांचं बोलणं झालं आणि मला पहिल्यांदा तेच वाक्य आठवलं.

मग मी बघायला लागले. संशयी माणसाला काही शोधावं लागत नाही, सगळं आपोआप समोर येतं. मी घरात शिरले की दोघांचं बोलणं थांबे. आत्याच्या पदराचं टोक ओलं असे. दुपारी जेवणाची भांडी घासून कोरडी झालेली असताना एक वाटी मात्र पालथी आणि ओली असे. अप्पांचे ओठ, जे सकाळी भेगाळलेले असत, ते संध्याकाळी जरा मऊ दिसत. हे सगळं मी पाहिलं, आणि दरवेळी आत्याकडे पाहिलं.

एकदा कॉलेजातून अर्ध्या दिवसात परत आले. चपला फाटकाशीच काढल्या. मे महिना, फरशी पायाला चटके देत होती. ओसरीवर आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता. फार बेतानं चाललेला होता. आत अप्पा पलंगावर, छातीवर उघडं पुस्तक. आणि खाली पाटावर ती वाटी, ओली.

आत्या सोंग घेत होती, हे मला कळलं. कशासाठी, ते मी माझ्या मनानं ठरवून टाकलं.

आमच्याकडे प्यायच्या पाण्याच्या जागा दोनच. नळाला पाणी सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच येई, बोअरचं इतकं खारं की चूळही भरवत नसे. एक, आत्याचा तांब्याचा हंडा, तिच्या खोलीत, झाकण लावून. गार पाणी तिच्या दातांना सोसत नसे. दुसरा, मातीचा माठ, अप्पांच्या पलंगाशेजारी तिवईवर. तो मी तिथून हलवणार होते. अप्पांनी नको म्हटलं होतं. “राहू दे गं. त्याला पाझरताना बघितलं की बरं वाटतं. हात लावला तरी गार लागतं.” त्या माठातलं पाणी मी रात्री पीत असे. दिवसभर त्याला कोणी हात लावायचं कारण नव्हतं.

मी दोन्ही भांड्यांची पातळी मोजायला सुरुवात केली. माठाच्या तोंडावर एक काडी आडवी ठेवायची आणि पोलादी पट्टी उभी सोडायची, पाण्याला टेकेपर्यंत. सकाळी कॉलेजला जाताना माठ भरून एकदा, संध्याकाळी आल्यावर एकदा.

“पट्टी तिरपी धरलीस,” अप्पा पलंगावरून म्हणाले. “आता सरळ झाली. वाच.”

मी वाचलं.

“लिहून ठेव. आकडा डोक्यात ठेवला की तो आपल्या सोयीचा होतो.”

दारात आत्या उभी होती. तिनं माझ्या हातातली पट्टी पाहिली, मग अप्पांकडे पाहिलं. “माझ्या हंड्यात बी बुडव,” ती म्हणाली. “आन मंग माझ्या पोटात बुडवजो.”

सोमवारी संध्याकाळी माठाची पातळी सकाळच्याच रेघेवर होती. मंगळवारी तीच. बुधवारी तीच. माठात एका थेंबाचा फरक नव्हता. आत्याच्या हंड्यातलं पाणी मात्र उतरलं होतं. किती तिनं प्यायलं आणि किती दुसऱ्याला दिलं, हे पट्टी सांगत नव्हती.

बुधवारी रात्री माठातून ओगराळ्यानं पाणी घेताना आत काहीतरी टक्क वाजलं. माठाच्या भिंतीला लागलं असेल म्हणून मी हात सावकाश वर घेतला. तडा गेला असेल तर उद्या बघू, असं मनात म्हटलं. मनात त्या वेळी दुसरंच चाललं होतं.

गुरुवारी जळगावला आकडा अडीच किलोच्याही वर गेला. शकीलनं तो लिहून घेतला. परतीच्या गाडीत अप्पांना धाप लागली होती. ते खिडकीला डोकं टेकवून बसले. मी त्यांचा हात धरला होता, आणि घरी गेल्यावर काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होते.

अप्पांना झोपवलं आणि मी आत्याच्या खोलीत गेले. ती तांदूळ निवडत होती.

“आत्या, तू त्यांना पाणी देतेस.”

तिची बोटं थांबली नाहीत. “नाही देत.”

“माठ मी मोजलाय. माठातलं जात नाही. राहिला तुझा हंडा.”

“मी दिलं असतं ना कुमे, तर तुला सांगून दिलं असतं. तुह्यासमोर, भांडं भरून.” तिनं एक खडा उचलून ताटाच्या काठावर ठेवला. “चोरून द्यायले तो काय पाप करून राह्यला का?”

“मग कोण देतं?”

“तू शिकलेली हायेस. मोज.”

“आत्या, ते मरतील.”

आता तिनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यात राग नव्हता. रागापेक्षा मला तेच जास्त खुपलं. “मी जाते फैजपूरले, धोंडूकडे,” ती म्हणाली. धोंडू तिचा पुतण्या. “मी नसताना वजन वाढलं नाही, तर मीच देत होती असं समजजो. आन वाढलं तर…” ताट खाली ठेवून ती पिशवी काढायला उठली.

मी तिला थांबवलं नाही. हा प्रयोग योग्यच होता. एक घटक काढून घ्यायचा आणि फरक पडतो का बघायचा. मी अप्पांच्या खोलीत आले. ते डोळे मिटून पडले होते. काहीतरी करायचं म्हणून मी माठाखालची परात ओढली. पाझरलेलं पाणी तीत साठत असे. ते रोज संध्याकाळी मी तुळशीला घाली. परात काठापर्यंत भरली होती. हिंदकळून पाणी माझ्या पायावर सांडलं.

मी परात हातात घेऊन उभी राहिले.

हे पाणी माठातून आलं होतं. रोज येत होतं. सोमवारी आलं, मंगळवारी आलं. वरून हवेत उडून जातं ते वेगळंच. मे महिन्यात, सावद्यात, कोणी प्यालं नाही तरी माठ दिवसाला बोटभर उतरतो. उतरायलाच हवा. आणि माझा माठ तीन दिवस रेघ सोडत नव्हता.

मी परात खाली ठेवली. दंडापर्यंत बाही सारली आणि माठात हात घातला. पाणी इतकं गार होतं की बोटं आखडली. तळाशी काहीतरी गुळगुळीत लागलं. मुठीएवढं. बाहेर काढलं. त्यावर लाल रंगात चार हा आकडा होता.

एकेक दगड काढून मी अप्पांच्या उशाशी, चादरीवर ठेवत गेले. चादर ओली होत गेली. मी आवाज करत नव्हते, तरी ते जागे होते. त्यांनी डोळे उघडले ते दगडांकडे बघण्यासाठीच.

“किती निघाले?”

“अकरा.”

“बारा आहेत. सात नंबरचा चपटा आहे. तळाला बसतो.”

मी पलंगाच्या कडेला बसले. वाटीभर पाणी प्यायचं आणि तेवढ्या आकारमानाचे दगड आत सोडायचे. कोणता दगड किती, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. मला शिकवताना त्यांनी तोटीतून सांडलेलं पाणी वाया जाऊ दिलं नव्हतं. ते कुंडीत घालायला लावलं होतं. तेच मला आठवत राहिलं.

“आत्या दुपारी ओसरीवर असते,” मी म्हटलं.

“असते. पहिल्याच दिवशी आली होती आत, माझ्या हातात वाटी होती तेव्हा. काही बोलली नाही. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून झोपते.”

“आणि तुम्ही मला तिच्यावर संशय घेऊ दिलात.”

“म्हणून तर ती चूक ठेवली.”

“कोणती चूक?”

“माठ पाझरतो, कुमे. हे मी विसरीन? पातळी बोटभर खाली ठेवली असती तर तू कधी पकडलं नसतंस. मुद्दाम पाझराचेही दगड घातले. रेघेवर आणून ठेवली. म्हटलं, आज पकडेल, उद्या पकडेल. तीन दिवस लावलेस.” ते थांबले, दम घेतला. “दहावीचा पोरगा एका दिवसात पकडतो.”

“तोंडानं सांगायचं.”

“सांगवेना. तू सकाळी खाली वाकून ते मोजपात्र धरतेस. किती नीट धरतेस. त्या माणसाला काय सांगायचं, की मी चोरतो?”

आत्या पिशवी घेऊन दारात आली होती. दगड पाहून तिनं पिशवी खाली ठेवली, पण आत आली नाही.

“अप्पा, एवढ्यानं तहान भागते का?”

“नाही. पाऊण लिटरनं भागत नाही, दोन लिटरनंही भागत नाही. ते मी मोजून पाहिलं.”

“मग कशाला पिता?”

“पिताना बरं वाटतं.”

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. नळ येण्याची वेळ झाली होती, गल्लीत हंड्यांचे आवाज सुरू झाले होते. अप्पांनी एक दगड उचलून तळहातावर ठेवला, वजन अजमावल्यासारखा, आणि परत ठेवला.

“माझे किती दिवस राहिलेत हे तो शकीलही जाणतो,” ते म्हणाले. “मी यायचं बंद करत नाही. तू म्हणशील तिथपर्यंत जळगावला येईन. पाणीही तुझ्या मापानंच पिईन. पण रोज संध्याकाळी एक भांडं दे. भरून. आणि ते मोजू नकोस.”

एका भांड्यात किती मावतं हे मला माहीत होतं. त्याचं वजन किती, ते दोन वेळांच्या मध्ये किती साठतं, फुप्फुसापर्यंत यायला त्याला किती दिवस लागतात, सगळं मला माहीत होतं. हा हिशेब त्या खोलीत आम्हा दोघांनाही येत होता. आत्याला येत नव्हता, आणि ती दारातून माझ्याकडे बघत होती.

मी उठले. फडताळातून मोठं भांडं काढलं, ओगराळं बुडवलं. भांडं काठोकाठ भरलं, इतकं की नेताना सांडलं. अप्पांनी ते दोन्ही हातांनी धरलं. डोळे मिटून, न थांबता, लहान मुलासारखं शेवटपर्यंत प्याले. मग भांडं उपडं करून दाखवलं.

आत्यानं पिशवी उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली. फैजपूरचं नाव पुन्हा निघालं नाही. रात्री जेवताना तिनं एवढंच विचारलं, “मंग, घनता किती निघाली माझी?”

अप्पा हसता हसता खोकले.

त्यानंतर मी सकाळचं मोजपात्र सोडलं नाही, तेही नियमाबाहेर गेले नाहीत. संध्याकाळचं भांडं तेवढं मापाबाहेर राहिलं. जळगावला आकडा जास्तच येत राहिला. डॉक्टर रागावत. शकील आकडा लिहून घेई. अप्पा गणपती बघून गेले. पाणी फुप्फुसात उतरलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. आम्ही जळगावला निघालो होतो. पोचलो नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी पुष्कळ वाचलं, पण त्या एका भांड्याबद्दल बरं की वाईट, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, आणि मी शोधायचंही सोडून दिलं. दुसरं एक सांगायचं आहे.

अप्पांना मुलगा नव्हता. अग्नी मीच दिला. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरायचं असतं, आणि मागून एकानं दगडानं मडक्याला भोक पाडायचं. फिरता फिरता पाणी गळत राहतं. ज्या दगडानं भोक पाडतात तो टाकायचा नसतो. तो घरी आणतात, गेलेला माणूस दहा दिवस त्या दगडात असतो असं मानतात, आणि त्याला पाणी देतात. गुरुजींनी दगड मागितला. नदीकाठी दगडांना तोटा नव्हता, कोणीतरी खाली वाकलंही. तेवढ्यात माणसांच्या घोळक्यातून आत्या पुढे आली. आमच्यात बायका स्मशानात येत नाहीत, पण मीच मडकं धरून उभी होते, तेव्हा तिला अडवायचं कोणाला सुचलं नाही. तिनं पदराची गाठ सोडली.

चपटा दगड होता. माठाच्या तळाशी राहिलेला. त्यावरचा सात अजून लाल होता.

“ह्यो घ्या,” ती गुरुजींना म्हणाली. “ह्याले माहीत हाये त्याले किती पाणी लागते ते.”

दहा दिवस तो दगड आमच्या अंगणात तुळशीशेजारी होता. सकाळी आणि संध्याकाळी मी त्याच्यावर पाणी घालत असे, त्याच मोठ्या भांड्यानं. दगडावरून ते ओघळे, मातीत जिरे, आणि दगड पुन्हा कोरडा दिसायला लागे. भांडं रिकामं झालं की मी उठायला बघे. तेव्हा मागून ओसरीवरून आत्याचा आवाज येई.

“अजून घाल.”

मी घालत असे.